मोती, काच आणि पाणी

मोतीबिंदू आणि काचबिंदू ही नावं ऐकली की सख्खे भाऊ वाटतात. मोतीबिंदू काही वर्षांनी काचबिंदू होतो, असं मानणारी माणसंही भेटतात. आजार वेगळे, दोष नावांचा.

मोतीबिंदूतला बिंदू फार जुना. लिंगनाश या नेत्ररोगाच्या एका प्रकाराचं वर्णन करताना सुश्रुताला कमळाच्या पानावर हलणारा पाण्याचा पांढरा थेंब आठवला. मोती मात्र बहुधा बाहेरून आला असावा. फारसीत या आजाराला आजही ‘आब-ए-मरवारीद’, म्हणजे मोत्याचं पाणी म्हणतात. अरबी वैद्य याला पाण्याचं उतरणं म्हणत आणि युरोपातल्या ‘कॅटरॅक्ट’चा लॅटिन अर्थही धबधबा. डोक्यातून काहीतरी द्रव उतरतो नि बाहुलीमागे साकळतो, अशी समजूत अरबी आणि युरोपी वैद्यांत होती. डोळ्यातलं भिंगच गढूळ होतं हे 1705 साली फ्रान्समध्ये ब्रिसो या वैद्याने मृताचा डोळा उघडून पाहिलं. 

काचेची गोष्ट अधिक गुंतागुंतीची. आयुर्वेदात तिमिर, काच, लिंगनाश या नजर जाण्याच्या चढत्या पायऱ्या. म्हणजे ‘काच’ हा शब्द मुळात मोतीबिंदूच्याच घरातला! ‘ग्लॉकोमा’चंही तेच. निळसर-हिरवट रंगाच्या ग्रीक शब्दावरून आलेलं हे नाव कित्येक शतकं भिंगाच्या विकाराला चिकटलेलं होतं. आज ते ज्या आजाराचं आहे, त्यात बहुतेकदा डोळ्यातल्या पाण्याचा निचरा नीट होत नाही, दाब वाढतो आणि दृष्टीची नस सुकत जाते. पाण्याचा संबंध खरा इथे आहे. फारसीने याला ‘आब-ए-सियाह’, काळं पाणी म्हटलं, ते अधिक नेमकं.

यात सर्वांत जास्त नुकसान केलं ते ‘पिकणं’ या क्रियापदाने. मोतीबिंदू पिकला की काढायचा, हे जुन्या शस्त्रक्रियेच्या काळात बरोबर होतं. आता तेवढं थांबावं लागत नाही. पण बिंदूच्या जोडनावामुळे लोक काचबिंदूही पिकायची वाट बघतात. मोतीबिंदूत भिंग बदललं की बहुधा दिसू लागतं. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही; औषधाचे थेंब, लेसर, शस्त्रक्रिया हे सगळं उरलेली राखण्यासाठी.

शिवाय काचबिंदूत आधी बहुधा कडेची नजर जाते. माणूस पेपर वाचतो आणि चौकटीला धडकतो. त्याला ‘आंधळा आहेस का?’ विचारतात, आणि पेपर वाचताना दिसला की सोंग घेतो म्हणतात. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या 2016च्या कायद्याने अंधत्व आणि अल्पदृष्टी वेगळी मोजली खरी, पण ‘अल्पदृष्टी’ प्रमाणपत्रावरच राहिली, ओट्यावर आली नाही. भिंग, चांगला उजेड, ठळक अक्षरं, पांढरी काठी यांची मदत घ्यायला माणूस लाजतो, त्यात या न रुजलेल्या शब्दाचाही वाटा आहे.

तेव्हा घरात कुणाला काचबिंदू निघाला असेल, तर भावंडांनी आणि मुलांनीही डोळ्याचा दाब आणि नस तपासून घ्यावी. काही पिकायची वाट पाहू नये.