बोट सुटण्यापूर्वीची मोजणी

वाचक मित्रहो, तुमचे गाव खाडीकाठी किंवा धरणाच्या पाण्याकाठी असेल, तर हे दृश्य तुमच्या ओळखीचे असेल. बाजाराचा दिवस आहे. होडी काठाला लागली आहे. नावाडी हाका घालतो आहे, "चला, अजून दोन माणसं!" दोन माणसे बसतात. तेवढ्यात एक बाई डोक्यावर पाटी अन् कडेवर पोर घेऊन धावत येते. "घ्या रे तिला, एकीनं काय होतंय?" असे आत बसलेल्यांपैकीच कोणी तरी म्हणते. होडी सुटते, आणि बहुतेक वेळा सुखरूप पलीकडे पोचतेही. पोचते, म्हणूनच "एकीनं काय होतंय" हे वाक्य आपल्या तोंडात पक्के बसले आहे.

बोट सुटण्यापूर्वी ती किती भरली हे ठरवायचे कसे, आणि ठरवायचे कोणी? प्रश्न साधा दिसतो. पण या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता जगाने हजारो जीव गमावले आहेत. त्याचाच थोडा इतिहास आज तुमच्यापुढे मांडायचा आहे.

आधी सहलीच्या मोठ्या बोटींचे पाहू. मुंबई बंदरातून आता अशा बोटी सुटतात. आत नाटकगृह, पोहण्याचा तलाव, भोजनगृहे. तरंगता वाडाच म्हणा ना! अशी बोट किती भरली हे कंपनी महिनोन् महिने आधीपासून पाहत असते. प्रत्येक खोलीत दोन माणसे धरून भरती मोजायची, अशी या धंद्यातली रीत आहे. एखाद्या खोलीत आईबापांबरोबर दोन मुलेही आली, तर हिशेब शंभर टक्क्यांच्या वर जातो. म्हणजे वहीत बोट शंभरावर गेली तरी ती बेकायदा भरली असे नव्हे. कायद्याने ठरवून दिलेली कमाल माणसे हा आकडा निराळाच असतो.

तेव्हा 'बोट भरली' या दोन शब्दांचे तीन अर्थ होतात. तिकिटे किती खपली हा व्यापाऱ्याचा अर्थ. माणसे किती चढली हा मोजणी करणाऱ्याचा अर्थ. आणि बोटीला किती भार पेलतो हा पाण्याचा अर्थ. पहिल्या दोन अर्थांत चूक झाली, तर ती उघडी पडते तिसऱ्या अर्थाच्या वेळी.

पहिला फरक पाहा, तिकीट आणि माणूस यांतला. २० डिसेंबर १९८७ रोजी फिलिपाइन्समध्ये 'दोन्या पाझ' नावाची उतारू बोट मनिलाकडे निघाली होती. रात्री तिची तेलवाहू बोटीशी टक्कर झाली आणि दोन्ही बोटी पेटल्या. कंपनीच्या यादीत १,४९३ उतारू होते. नातेवाईक जमू लागले तेव्हा कळले, की यादीत नाव नसलेलीच माणसे फार. लहान मुले, सवलतीवर आलेले, बोटीवर चढून तिकीट काढलेले, यांची नोंदच नव्हती. मृतांची संख्या चार हजारांवर गेली आणि वाचले ते तीसांच्या आत. शांततेच्या काळात समुद्रावर एवढी मोठी प्राणहानी दुसरी झालेली नाही. यादीवरून पाहिले, तर बोट नेमाप्रमाणेच भरलेली होती!

मग तुम्ही म्हणाल, यादीवर विसंबू नये, शिडीपाशी उभे राहून एकेक डोके मोजावे. बरोबर. पण तेवढ्याने भागते का? याचे उत्तर अमेरिकेतल्या शिकागो शहराने दिले आहे, आणि त्याची सुरुवात टायटॅनिकपासून होते.

टायटॅनिक १९१२ च्या एप्रिलमध्ये बुडाली. ती काही खच्चून भरलेली नव्हती. सुमारे २,२०० माणसे होती. आणखी कितीतरी मावली असती. पण जीव वाचवणाऱ्या होड्यांतल्या जागा होत्या फक्त १,१७८. यात कायदा मोडला होता म्हणावे, तर तसेही नाही. ब्रिटिश सरकारचा होड्यांचा नियम १८९४ सालचा होता. दहा हजार टन आणि त्यावरच्या बोटींना सोळा होड्या, एवढ्यावर तो थांबत होता. टायटॅनिक होती सेहेचाळीस हजार टनांची आणि तिच्यावर होड्या होत्या वीस. बोटी वाढल्या, नियम होता तिथेच राहिला. सुमारे दीड हजार माणसे बुडाली.

साहजिकच जगभर एकच मागणी उठली, की होड्या वाढवा. अमेरिकेत मार्च १९१५ मध्ये खलाशांचा कायदा मंजूर झाला. त्यात अधिक होड्यांची सक्ती होती. मागणी रास्तच होती. आता तिचे एका बोटीवर काय झाले ते ऐका.

'ईस्टलंड' ही १९०३ साली बांधलेली सहलीची बोट होती. ती मोठ्या सरोवरांतून धावायची. वेगाबद्दल तिचे नाव होते, पण तिला एक खोड होती. माणसे वरच्या मजल्यावर जमली की ती कलायची. पूर्वी एकदोन वेळा थोडक्यात बचावलीही होती. अशा बोटीच्या वरच्या मजल्यावर आणखी होड्या आणि तराफे चढवले गेले. होड्या वाढल्या, म्हणून जास्त उतारू घेण्याची परवानगीही मिळाली. पण एवढे वजन वर चढवल्यावर बोट तोल धरते की नाही, याची परीक्षा मात्र कोणी घेतली नाही.

शेतकरी बांधवांना हे जास्त समजावून सांगायला नको. गाडीत धान्याची पोती तळाशी भरली, तर ती खाचखळग्यांतून हलतडुलत का होईना, पण जाते. तेवढ्याच वजनाचा कडबा उंच रचला, तर एका चाकोरीत गाडी उलटते. वजन तेच असते. ते किती उंचीवर आहे, यावर सगळे ठरते.

२४ जुलै १९१५, शनिवारची सकाळ. विजेची उपकरणे करणाऱ्या एका मोठ्या कारखान्याची वार्षिक सहल होती. कामगार, बायका, मुले ठेवणीतले कपडे घालून शिकागो नदीच्या धक्क्यावर आली होती. त्यांत परदेशातून पोटासाठी आलेली कितीतरी कुटुंबे होती. वर्षातून एकदाच येणारा सणाचा दिवस! साडेसहाच्या सुमारास माणसे चढू लागली. सरकारी तपासनीस शिडीपाशी मोजत होते, मिनिटाला सुमारे पन्नास माणसे. मंजूर आकडा अडीच हजारांच्या घरातला होता. तो गाठला, तशी मोजणी थांबवली. मोजणी चोख होती.

पाऊस भुरभुरत होता. काही बायका मुलांना घेऊन खालच्या मजल्यावर गेल्या, बाकीची गर्दी वर राहिली. वाद्ये वाजत होती. बोट एकदा इकडे, एकदा तिकडे कलू लागली. तळाच्या टाक्यांत पाणी घेऊन तिला सावरायची खटपट यंत्रखोलीत चालू होती. साडेसात वाजायला एकदोन मिनिटे कमी असताना ती नदीच्या बाजूला सावकाश आडवी झाली. धक्का हाकेच्या अंतरावर होता आणि पाणी होते अवघे वीस फूट. त्या पाण्यात ८४४ माणसे मेली. बावीस कुटुंबांत मागे कोणीच उरले नाही. आणि ज्या होड्यांसाठी हा सारा भार चढवला, त्यांतली एकही सोडायला वेळ मिळाला नाही.

मित्रहो, या प्रसंगावर जरा थांबा. यादी ठीक होती, मोजणी ठीक होती, कायदाही पाळला होता. आणि तरीही बोट जास्त भरलेली होती. कागदावरचा आकडा पाण्याला विचारून ठरवलेला नव्हता. तिची जुनी खोड ठाऊक असणारी माणसे होती. पण "आज ही बोट सोडायची नाही" असे म्हणणारा कोणी निघाला नाही.

आपल्याकडेही अशी सकाळ उगवली होती. १७ जुलै १९४७ रोजी 'रामदास' बोट मुंबईहून रेवसला निघाली. स्वातंत्र्याला महिनाही उरला नव्हता. भर पावसाळा, खवळलेला समुद्र, बोटीत घरी निघालेली माणसे. काशाच्या खडकाजवळ ती कलंडली आणि सहाशेहून अधिक जीव गेले. रेवसच्या कोळी बांधवांनी आपल्या होड्या घालून जमेल तेवढ्यांना वाचवले. कुलाबा जिल्ह्यातल्या कितीतरी घरांत त्यानंतर वर्षानुवर्षे आषाढ आला की आठवण निघे.

पुढे नियम सुधारले. समुद्रावरील जीवरक्षणाचा पहिला आंतरराष्ट्रीय करार टायटॅनिकनंतर १९१४ साली लंडनला झाला. त्याच्या आजच्या रूपात, बोट सुटण्यापूर्वी तिच्यावरील प्रत्येक माणूस मोजला गेलाच पाहिजे असा नियम आहे. सहलीच्या मोठ्या बोटीवर तुम्ही चढता, तेव्हा शिडीपाशी तुमचे कार्ड यंत्रावर धरतात, ते यासाठीही. पण हा करार मुख्यतः देशोदेशींच्या समुद्रप्रवासाचा. आपल्या नद्या आणि जलमार्गांसाठी २०२१ सालचा केंद्राचा कायदा आहे. मात्र तळ्याच्या काठावर तो कायदा स्वतः येऊन उभा राहत नाही. तिथे तुम्ही-आम्हीच असतो.

शिक्षक बंधुभगिनींनो, तुम्हांला हे खास सांगायचे आहे. १८ जानेवारी २०२४ रोजी वडोदऱ्याच्या हरणी तलावात शाळेच्या सहलीची होडी उलटली. बारा मुले आणि दोन शिक्षिका गेल्या. होडीत झेपतील त्याहून जास्त माणसे होती आणि सगळ्यांच्या अंगात जीवरक्षक जाकिटे नव्हती. सहलीला निघालेली मुले हसत असतात, वेळ थोडा असतो, होडीवाला म्हणतो, "गुरुजी, बसतील सगळी!" अशा वेळी नको म्हणणे फार अवघड जाते, हे मी जाणतो. माझ्याही वर्गाच्या सहली असतात.

तरीपण चार गोष्टी करा. होडीला परवाना किती माणसांचा आहे ते विचारा. आपली मुले मोजा, आणि आधीपासून बसलेली माणसेही मोजा. प्रत्येकाच्या अंगात जाकीट चढल्याशिवाय दोर सोडू देऊ नका. आणि होडी काठालाच कलती वाटली, तर आकडा कितीही बरोबर असो, मुलांना खाली उतरवा. दोन फेऱ्या होतील, उशीर होईल, कदाचित एखादे ठिकाण पाहायचे राहून जाईल. राहू द्या. ते पुढच्या वर्षी पाहता येईल.