बंधुत्वाचे दार



फ्रीमेसन मंडळींच्या लॉजविषयी आपल्याकडे कुतूहल आहे तेवढाच संशयही आहे. उत्तर हिंदुस्थानात तर त्यांच्या सभागृहाला लोक सरळ ‘जादूघर’ म्हणत. आत काय चालते? नवागताचे डोळे बांधतात, गळ्यात दोरीचा फास अडकवतात, छातीची एक बाजू उघडी ठेवतात आणि शपथ देतात. गवंड्याचा गुण्या आणि कंपास ही त्यांची चिन्हे. उमेदवारापासून उस्तादापर्यंत तीन पायऱ्या चढायच्या. परमेश्वर मानला पाहिजे. तो कोणत्या नावाने, हे विचारायचे नाही. धर्म आणि राजकारण यांवर लॉजमध्ये वाद घालायचा नाही. यात जादू कसली? मला तर या साऱ्यापेक्षा एक लहानशी लाकडी पेटी महत्त्वाची वाटते. इच्छुकाच्या नावावर सभासद तीत गुपचूप गोळ्या टाकतात. पांढरी म्हणजे होकार, काळी म्हणजे नकार. काळी कोणी टाकली, हे कळत नाही.

मुंबईच्या माणेकजी कर्सेटजींना या पेटीचा अनुभव आला. भायखळ्याचा ‘खडा पारशी’ आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. तो पुतळा यांच्या वडिलांचा, आणि उभारला तो या मुलाने. माणेकजी इंग्रजीत निष्णात, पुढे लघुवाद न्यायालयाचे न्यायाधीश झाले. एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेने १८४० साली त्यांना घेतले. तिचे ते पहिले हिंदी सभासद. लॉजने मात्र दार लावून घेतले. सारी माणसे भाऊ, हे ज्या संस्थेचे ब्रीद, तिच्या गोऱ्या भावांना हा भाऊ नको होता. माणेकजी चिवट निघाले. युरोपच्या प्रवासात पॅरिसच्या एका लॉजमध्ये त्यांनी दीक्षा घेतली आणि ते भाऊ होऊनच मुंबईस परतले!

आता काय करणार? कंपनी सरकारच्या नोकरीतील डॉक्टर जेम्स बर्न्स तेव्हा पश्चिम हिंदुस्थानातील स्कॉटिश मेसनांचे प्रमुख होते. काबूलमध्ये १८४१ साली मारले गेलेले अलेक्झांडर बर्न्स त्यांचे सख्खे भाऊ. ज्याचा भाऊ पूर्वेकडच्या माणसांच्या हातून पडला, त्याने दोन वर्षांतच पूर्वेकडच्या माणसांना भाऊ म्हणावे, याची मला नेहमी नवलाई वाटते. डिसेंबर १८४३ मध्ये त्यांनी ‘रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’ हे लॉज हिंदी लोकांसाठी काढले. तेथे पारशी आले, मुसलमान आले. शपथेसाठी ज्याचा त्याचा धर्मग्रंथ पुढे ठेवण्याची रीत हिंदुस्थानातील लॉजमध्ये रूढ झाली. हिंदूंची वाट मात्र बिकट होती. यांचे देव अनेक, मग शपथ कोणत्या देवाची, असा आक्षेप होता. कलकत्त्याच्या प्रसन्नकुमार दत्तांनी १८६३ साली अर्ज केला आणि १८७२ साली त्यांना प्रवेश मिळाला. नऊ वर्षे! बारा वर्षांनी, १८८४ साली, त्याच शहरातील ‘अँकर अँड होप’ लॉजमध्ये नरेंद्रनाथ दत्त नावाच्या तरुणाने दीक्षा घेतली. पुढे जग त्यांना विवेकानंद म्हणून ओळखू लागले.

आत गेल्यावर काय मिळे? मुंबईत जन्मलेल्या किपलिंगने लाहोरच्या लॉजवर ‘द मदर लॉज’ ही कविता लिहिली आहे. तो स्वतः १८८६ साली तेथे मेसन झाला. त्याच्या लॉजमध्ये स्टेशनमास्तर आहे, रेल्वेचा माणूस आहे. गोंदियासारख्या जंक्शनच्या गावाला ही मंडळी परकी वाटू नयेत. बाहेर सलाम, आत ‘भाऊ’. परंतु या भावांची एकत्र पंगत होत नाही, कारण कोणाची तरी जात बाटेल. किपलिंग साम्राज्याचा भाट खरा, पण ही गोष्ट त्याने लपवली नाही.

पंगतीचा विषय निघाला म्हणून आपल्या माणसांकडे वळतो. ‘रायझिंग स्टार’नंतर सहाच वर्षांनी, १८४९ मध्ये, त्याच मुंबईत व्याकरणकार दादोबा पांडुरंग तर्खडकर आणि त्यांच्या स्नेह्यांनी परमहंस सभा काढली. तीही गुप्त, तिथेही दीक्षा. पण तिची शपथ ताटातली होती. ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खायचा आणि मुसलमानाच्या हातचे पाणी प्यायचे. झाले, जात गेली! लॉजने जात दाराबाहेर ठेवायला सांगितली, जाताना ती पुन्हा पायात घालता येत होती. सभेने ती उंबरठ्यावरच मोडली. म्हणूनच सभेला गुप्ततेची गरज खरी होती. मेसनाचे नाव फुटले तर फार तर चेष्टा होई. परमहंसाचे फुटले तर मुलीचे लग्न अडे, घरात श्राद्धाला भटजी येत नसे.

आणि नावे फुटलीच. १८६० च्या सुमारास सभासदांच्या नावांचे कागद चोरीस गेले आणि सभा विस्कटली. लॉजे टिकली, १९६१ मध्ये ‘ग्रँड लॉज ऑफ इंडिया’ स्वतंत्रपणे स्थापन झाली. परमहंसांपैकी काही मंडळी १८६७ साली प्रार्थना समाजात उघडपणे एकत्र आली. त्याच्या संस्थापकांत दादोबांचे बंधू डॉ. आत्माराम पांडुरंग होते. या समाजात शिरताना पाव खाण्याची अट नव्हती.