पांढरीवरील पट्टी

काळी म्हणजे शेतजमीन आणि पांढरी म्हणजे घरांची वस्ती, ही दोन्ही मिळून गाव होते. परंतु सरकारी दप्तराने आजवर काळीचीच चौकशी अधिक केली आहे. शेताचा धारा, त्याची प्रतवारी, त्यावरील सूट आणि तहकुबी यांविषयी रुमालांमागून रुमाल भरलेले आढळतात. मात्र तो धारा भरणारा कुणबी ज्या घरात राहिला, त्या घरावर कोणी, कोणत्या मापाने आणि कोणाकोणाला वगळून पट्टी बसविली, याची हकीकत तुकड्यातुकड्यांनी गोळा करावी लागते. पुणे-सोलापूर रस्त्यावर, दौंडच्या दक्षिणेस थोड्या अंतरावर वसलेले कुरकुंभ हे अशा शोधास अनुकूल ठिकाण आहे. फिरंगाई देवीचे हे गाव पूर्वीच्या भीमथडी तालुक्यात मोडत असे. पाऊस बेताचा, जमीन पुष्कळशी मुरमाड आणि घरे मातीच्या भिंतींची, सपाट धाब्याची, अशी या टापूची जुनी राहणी होती. आणि गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकांत त्याच शिवारात औद्योगिक विकास महामंडळाची वसाहत उभी राहून रासायनिक कारखान्यांच्या चिमण्या दिसू लागल्या. मातीचे धाबे आणि लोखंडी सांगाड्याचा कारखाना ही दोन्ही एकाच गावाच्या हद्दीत आली, म्हणून घराच्या आकारणीचा प्रश्न येथे जितक्या उघडपणे दिसतो तितका तो अन्यत्र क्वचितच दिसावा.

मराठेशाहीत घरपट्टी ही मुलूखभर एकसारखी अशी बाब नव्हती. जमिनीचा वसूल हा राज्याचा मुख्य आधार. त्याच्या भोवती ज्या अनेक पट्ट्या आणि बाबती वेळोवेळी लागू झाल्या, त्यांत उदमी आणि कारागीर यांच्यावरील मोहतर्फा आणि राहत्या वास्तूवरील घरपट्टी या दोन विशेषेकरून पांढरीच्या होत्या. जो कुणबी शेताचा धारा भरतो त्याच्या घरावर पुन्हा स्वतंत्र बोजा टाकण्यापेक्षा, ज्याच्याकडून जमिनीच्या रूपाने काहीच येत नाही अशा वाणी, साळी, तेली, कोष्टी यांच्याकडून राज्याचा हिस्सा घ्यावा, हा त्यामागील साधारण विचार दिसतो. त्यामुळे या पट्ट्यांचा भर खेड्यांपेक्षा कसब्यांवर आणि पेठांवर अधिक पडत असे.

या पट्टीइतकीच तिची माफीही लक्ष देण्याजोगी आहे. ब्राह्मणांची घरे, तसेच पाटील-कुलकर्ण्यांसारख्या वतनदारांची घरे सामान्यतः घरपट्टीतून मोकळी असत, आणि गावकीची चाकरी करणाऱ्यांकडूनही ती घेतली जात नसे. वरवर पाहता ही एकच माफी दिसते, परंतु तिच्या पोटात दोन अगदी निराळ्या गोष्टी होत्या. पाटलाची माफी हा मान होता. त्याच्या वतनी हक्कांच्या यादीत ती शोभेची आणखी एक ओळ म्हणून बसत असे. महाराच्या झोपडीवर पट्टी नव्हती, ती मात्र त्याच्याकडून रात्रंदिवस वेठ घेतली जात होती म्हणून: सरकारी टपाल पुढच्या गावी पोचविणे, वसूल तालुक्यास नेणे, मेलेली गुरे ओढणे, शिवेच्या तंट्यात साक्ष देणे, आणि या साऱ्याला ना वेळेची मर्यादा ना नकाराचा अधिकार. ज्या करातून सुटका मिळाल्याबद्दल माणसाचे सारे आयुष्य तारण राहते, त्या सुटकेला माफी म्हणणे अन्यायाचे आहे, असे प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत आहे. मुंबई राज्याने १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ ग्रामवतने रद्द केली, तेव्हा कुठे हा जुना व्यवहार कायद्याच्या दृष्टीने संपला.

माफीचा तिसरा प्रकार वसाहतीचा होता, आणि तो मराठी राज्यकर्त्यांच्या व्यवहारज्ञानाची साक्ष देतो. नवी पेठ वसवावयाची असली, म्हणजे शेटे-महाजनांच्या नावे कौल देऊन, तेथे येऊन घरे बांधणाऱ्यांस काही वर्षे कर माफ केला जाई, आणि मुदत सरल्यावर क्रमाक्रमाने आकार चढविला जाई. पडीत जमीन लागवडीस आणताना देत असलेल्या इस्ताव्याचेच हे पांढरीवरील रूप होय. घर बांधणारा पहिली काही वर्षे कर्जात बुडालेला असतो, हे त्या काळच्या कारभाऱ्यांस सांगावे लागत नव्हते. इनामाच्या सनदांमध्ये तर हल्लीपट्टी आणि पेस्तरपट्टी, म्हणजे चालू असलेल्या आणि पुढे बसू शकणाऱ्या अशा दोन्ही प्रकारच्या पट्ट्यांसह गाव दिल्याचा उल्लेख असे. राज्य आज बसवीत नाही परंतु उद्या बसवील, हे गृहीत धरूनच लिहिणारे लेखणी चालवीत होते.

१८१८ नंतर इंग्रजी अंमलात मोजणीची साखळी प्रथम फिरली ती काळीवर, आणि कुरकुंभच्या शेजारच्याच मुलखात. प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याने निव्वळ उत्पन्नाच्या पुस्तकी हिशेबावर पुणे जिल्ह्याची जी आकारणी केली, ती इंदापुरास इतकी जड झाली की शेते ओसाड पडू लागली. आणि मग १८३६ साली गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी इंदापुरातच नवी मोजणी हाती घेऊन, मातीची आणेवारी प्रतवारी ठरवून तीस वर्षांच्या मुदतीची जमाबंदी केली. तीच पद्धत १८४७ च्या संयुक्त अहवालात बांधली गेली आणि मुंबई इलाख्यात सर्वत्र पसरली. या पद्धतीतील एक तत्त्व आपल्या विषयाच्या दृष्टीने फार महत्त्वाचे आहे. रयतेने स्वतःच्या खर्चाने विहीर खणली, बांध घातला, जमीन सुधारली, तर त्या सुधारणेपायी पुढील फेरआकारणीत धारा वाढवावयाचा नाही, असे अभय तिला पुढे कायद्याने मिळाले. माणसाच्या श्रमावर कर नको, निसर्गाने दिलेल्या मातीवर असावा, इतका स्वच्छ विचार त्यात होता. पांढरीला हे अभय कधीच मिळाले नाही. शेतात विहीर खणणाऱ्याचा धारा वाढला नाही. घरावर माडी चढविणाऱ्याची पट्टी मात्र, जेव्हा जेव्हा घरावर पट्टी होती तेव्हा, वाढतच राहिली. एकाच कुणब्याच्या दोन मेहनतींना राज्याने दिलेला हा भिन्न न्याय आजतागायत चालू आहे, आणि त्याची चर्चा व्हावी तशी झालेली नाही.

गावठाणाची जागा मात्र जमिनीच्या धाऱ्यातून मोकळी राहिली. १८७९ च्या जमीन महसूल कायद्याने ही जुनी वहिवाट मान्य केली आणि आजच्या १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेतही, जिल्हाधिकाऱ्याने गावठाणाची हद्द ठरवावी आणि त्या हद्दीतील पूर्वापार माफ असलेल्या जागांवर महसूल घेऊ नये, हीच व्यवस्था कलम १२२ व १२३ मध्ये आहे. यापूर्वीच, १८४४ च्या एकोणिसाव्या कायद्याने मोहतर्फा आणि शहरातील जकाती मुंबई इलाख्यात रद्द झाल्या होत्या. कारागिराच्या उंबरठ्यावरील बोजा उतरला, यात शंका नाही. परंतु तोटा भरून काढण्यासाठी सरकारने मिठावरील कर मणामागे आठ आण्यांवरून एक रुपया केला, त्यावरून सुरतेस दंगल उसळली आणि अखेर दर बारा आण्यांवर आणावा लागला. माफी दिलेला पैसा कोठून तरी वसूल होतोच. या वेळी तो साळ्याच्या मागावरून उठून सर्वांच्या ताटात गेला, आणि ज्याचे ताट जितके रिकामे, त्याला तो तितका अधिक जाणवला.

कर नसला तरी घर सुरक्षित होते असे मात्र नाही. इंदापूर-भीमथडी भागात १८६७ पासून झालेल्या फेरआकारणीने धारा वाढला, कापसाचे भाव ओसरले, आणि रयत सावकाराच्या दारात गेली. १२ मे १८७५ रोजी त्या वेळच्या भीमथडी तालुक्यातील सुपे येथे कर्जरोखे हस्तगत करण्यासाठी जो उठाव झाला, त्याने दख्खनच्या दंग्यांना आरंभ झाला. १८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्याने कर्जाचे हिशेब तपासण्याचा अधिकार न्यायालयांना मिळाला. दिवाणी प्रक्रिया संहितेनेही शेतकऱ्याच्या राहत्या घराला हुकूमनाम्याच्या जप्तीतून वगळले; १९०८ च्या संहितेतील साठाव्या कलमात हे संरक्षण आजही आहे. नंतर अमेरिकेत सामील झालेल्या टेक्सासने १८३९ मध्ये राहते घर धनकोच्या हाती जाऊ नये असा कायदा केला, आणि पुढे महामंदीच्या काळात फ्लोरिडासारख्या राज्यांनी त्या कल्पनेचा विस्तार करून राहत्या घराच्या मूल्याचा काही भाग मालमत्ता करातूनच वगळला. आपल्याकडे पहिली पायरी बांधली गेली; दुसरी, राहत्या घराचा किमान भाग करमुक्त ठेवण्याची, खेड्यांत सर्वसाधारण नियम म्हणून आली नाही.

घरावरील पट्टी खेड्यात परतली ती पंचायतीच्या हाताने. गावची स्वच्छता, विहिरी, दिवाबत्ती या गोष्टी गावानेच पाहाव्यात असे ठरल्यावर त्यांचा पैसाही गावातूनच यावा हे क्रमाने आले. मुंबई इलाख्यातील १९२० आणि १९३३ च्या ग्रामपंचायत कायद्यांनी तो मार्ग खुला केला आणि १९५८ च्या अधिनियमाने तो रुंद केला. त्यातील कलम १२४ खाली इमारती व जमिनी यांवरील कर बसतो, आणि १९६० च्या कर व फी नियमांनी त्याची रीत घालून दिली. आकारणीची यादी दर चार वर्षांनी नव्याने करावयाची, ती प्रसिद्ध करून हरकती ऐकावयाच्या, आणि कायम झालेला आकार नमुना आठमध्ये नोंदवावयाचा. मागणी नमुना नऊमध्ये, पावती नमुना दहावर. बिल मिळाल्यापासून तीस दिवसांत पंचायत समितीकडे अपील करता येते, आणि तेथेही समाधान न झाल्यास जिल्हा परिषदेच्या स्थायी समितीकडे जाता येते. वर्षाच्या पहिल्या सहामाहीत कर भरणाऱ्यास पाच टक्के सूट असते. नमुना आठचा उतारा गावठाणातील मनुष्य आपल्या घराचा दाखला म्हणून जपून ठेवतो. वास्तविक ती मालकीची सनद नव्हे, कराची नोंद होय, परंतु पिढ्यान्‌पिढ्या दुसरा कागदच नसल्यामुळे करदात्याच्या यादीतील नावालाच मालकाचा मान मिळाला. पुरंदर तालुक्यातील सोनोरी येथे ड्रोनने गावठाण मोजण्याचा जो प्रयोग झाला आणि २०२० पासून स्वामित्व योजनेच्या रूपाने जो देशभर गेला, त्याने ही उणीव भरून काढण्यास आता आरंभ झाला आहे.

माप कोणते, या प्रश्नाने मात्र पंचायतींना बराच काळ सतावले. पूर्वी भांडवली मूल्य अथवा वार्षिक भाडेमूल्य यांवर कर बसे. १९९९ च्या दुरुस्तीने तो चौरस फुटांवर बसू लागला, म्हणजे पडवीही फुटांत आणि दिवाणखानाही फुटांत. उच्च न्यायालयाने क्षेत्रफळाची ही रीत समतेशी विसंगत ठरविल्यावर, ३१ डिसेंबर २०१५ च्या अधिसूचनेने शासनाने पुन्हा भांडवली मूल्याचा आधार घेतला. आता वार्षिक मूल्यदर तक्त्यातील जमिनीचा दर आणि बांधकामाचा दर घ्यावयाचा, इमारतीच्या वयानुसार घसारा वजा करावयाचा, वापराप्रमाणे भारांक लावावयाचा, आणि येणाऱ्या मूल्याच्या दर हजार रुपयांमागे ठराविक पैसे कर म्हणून घ्यावयाचे. घसाऱ्यामुळे जुन्या मातीच्या घराला न्याय मिळतो, हे या पद्धतीचे श्रेय निःसंकोचपणे मान्य केले पाहिजे. परंतु जमिनीचा दर जेथे शेजारच्या कारखान्यांमुळे चढतो, तेथे ज्याने विटेला वीट लावली नाही अशा म्हातारीचा आकारही चढतो, आणि तो दर तिच्या हाती एक पैसाही न देता कागदावर वाढलेला असतो.

कुरकुंभला हा प्रश्न तात्त्विक राहत नाही. कारखान्यांनी गावात कामगार आणले, कामगारांसाठी खोल्या उठल्या, आणि राहते घर व भाड्याची चाळ यांतील भेद आकारणीत नीट पाडणे आवश्यक झाले. खुद्द कारखान्यांसाठी १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाने कलम १२५ मध्ये निराळी वाट ठेवली आहे: निरनिराळ्या करांऐवजी शासनाच्या मान्यतेने कारखान्याकडून ठोक अंशदान घेण्याचा करार पंचायतीस करता येतो. अशा कराराने वसुलीचा त्रास वाचतो हे खरे. पण ठोक रक्कम एकदा ठरली की ती वाढविणे कठीण, आणि गावचा सामान्य घरमालक ज्या चार वर्षांच्या फेरआकारणीला बांधलेला आहे, तिच्यातून गावातील सर्वांत मोठी इमारत बाहेर राहते. ज्यांच्या सांडपाण्याचा आणि धुराचा भार गाव सोसते, त्यांच्या अंशदानाचा आकडा तरी ग्रामसभेत दरवर्षी वाचून दाखविला जावा, एवढी मागणी अवाजवी नाही.

माफीच्या यादीत अलीकडे एक नवे नाव आले आहे. २०२० साली ग्रामविकास खात्याने बाळासाहेब ठाकरे यांच्या नावे माजी सैनिक सन्मान योजना जाहीर करून, माजी सैनिक आणि सैनिकांच्या विधवा यांच्या एका मालमत्तेस ग्रामपंचायत करातून सूट दिली. पुणे-सातारा-नगरच्या खेड्यांतून सैन्यात गेलेल्यांची परंपरा जुनी आहे, आणि ही सूट त्यांना मिळावी याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. पाटलाची माफी जन्माने होती आणि महाराची वेठीने. सैनिकाची माफी स्वतः पत्करलेल्या सेवेबद्दल आहे, आणि या तिघांत तीच एक निर्मळ आहे. मात्र सेवा साऱ्या देशाची आणि सूट एका गावच्या ग्रामनिधीतून, ही मांडणी योग्य नव्हे. ज्या लहान गावातून अधिक तरुण सैन्यात गेले, त्याच गावची दिवाबत्ती आणि नळपाणी त्या प्रमाणात आखडावयाचे, हे १८४४ च्या मिठाच्या हिशेबासारखेच आहे. माफीची रक्कम राज्याच्या तिजोरीतून पंचायतीच्या खात्यात दरसाल जमा झाली पाहिजे, आणि नमुना नऊमध्ये त्या घराच्या नावापुढे शून्य न लिहिता, देणाऱ्याच्या रकान्यात शासनाचे नाव लिहिले गेले पाहिजे.