बावीस यार्ड आणि बालखेळाडू

खातीपुऱ्यात राहूनही आपल्या मराठी घरांत मुंबईच्या शालेय क्रिकेटच्या कथा अभिमानाने सांगितल्या जातात. १९८९ साली सोळा वर्षांच्या सचिन तेंडुलकरला भारतीय संघात घेणाऱ्या निवड समितीचे अध्यक्ष राजसिंह डुंगरपूर हे याच राजस्थानचे. त्या कथांची दुसरी बाजूही हीरक महोत्सवी वर्षात पाहावी, असे वाटते.

सोळा वर्षांखालील मुलांसाठी हॅरिस शिल्ड आणि चौदा वर्षांखालील मुलांसाठी गाइल्स शिल्ड, अशी विभागणी मुंबईत शतकाहून अधिक काळ रुजली आहे. वयाचे गट पडले, खेळपट्टी मात्र मोठ्यांचीच राहिली. फेब्रुवारी १९८८ मध्ये हॅरिस शिल्डच्या उपान्त्य सामन्यात शारदाश्रमच्या सचिन (नाबाद ३२६) आणि विनोद कांबळी (नाबाद ३४९) यांनी ६६४ धावांची अभेद्य भागीदारी केली. प्रतिस्पर्धी संघातून गोलंदाजी करणारा पंधरा वर्षांचा साईराज बहुतुले पुढे भारताकडून खेळला. परंतु त्याच्यासारखे किती जण टिकले असतील?

जानेवारी २०१६ मध्ये कल्याणला प्रणव धनावडेने नाबाद १००९ धावा केल्या. त्याच्या शाळेने ३ बाद १४६५ वर डाव घोषित केला. प्रतिस्पर्धी ३१ आणि ५२ धावांत बाद झाले. त्या संघात बारा वर्षांच्या आसपासची मुले होती आणि काहींना सीझन बॉलची सवय नव्हती, असे तेव्हाच्या वृत्तपत्रांनी नोंदवले. प्रणवचे कौतुक यथोचितच. दोष मुलांचा नव्हे, त्यांच्या मापाचा नसलेल्या सामन्याचा होता.

बावीस यार्ड म्हणजे वीस मीटरहून थोडे अधिक. दहा वर्षांच्या मुलाचा चेंडू तेथवर पोहोचण्यापूर्वी दोन टप्पे घेतो किंवा वाइड जातो. फलंदाज नुसता वाट पाहतो, क्षेत्ररक्षक कंटाळतात आणि चार धिप्पाड मुलांचा खेळ बाकीचे पाहत राहतात. म्हणूनच इंग्लंडमध्ये नऊ वर्षांखालील मुलांसाठी अठरा यार्डांची खेळपट्टी सुचवली जाते. ऑस्ट्रेलियाने सर्वांत लहान गटासाठी सोळा मीटरची खेळपट्टी आणि सात जणांचा संघ स्वीकारला. क्रिकेटच्या नियमावलीतही तेरा वर्षांखालील मुलांसाठी १३३ ते १४४ ग्रॅमचा चेंडू सांगितला आहे; पुरुषांचा चेंडू सुमारे १५६ ते १६३ ग्रॅमचा असतो.

यासाठी नवे मैदान लागत नाही. चुन्याची एक रेघ अलीकडे ओढावी लागते, ठरावीक चेंडूंनंतर फलंदाज बदलावा लागतो आणि प्रत्येकाच्या हाती एकदा तरी चेंडू द्यावा लागतो. आपण इयत्ता पहिलीच्या मुलाला दहावीचे पुस्तक देत नाही. मग मैदानावर तो आग्रह का? माजी विद्यार्थ्यांनी आणि पालकांनी शाळेचे चषक जरूर मोजावेत. त्याबरोबरच, पाचवीत खेळायला आलेली किती मुले दहावीतही मैदानावर दिसतात, हेही आम्हांला दरवर्षी विचारावे. शाळेच्या क्रीडापरंपरेची खरी कसोटी तीच आहे.