रमणबागेतून मुकुंदनगरला : ‘सवाई’चे घर कोणते?

पुण्याचा सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव २०१८ साली शनिवार पेठेतले रमणबाग शाळेचे मैदान सोडून मुकुंदनगरला, महाराष्ट्रीय मंडळाच्या क्रीडासंकुलात गेला. महोत्सवाचे ते ६६वे वर्ष होते. त्याआधीची तीसहून अधिक वर्षे तो रमणबागेत भरत होता. लोक ‘सवाईला चाललो’ म्हणत, तेव्हा कुठे चाललो हे वेगळे सांगावे लागत नसे. नकाशावर पाहिले तर हे अंतर फार नाही. तरीही जागा बदलणार म्हटल्यावर जुन्या श्रोत्यांना घर बदलल्यासारखे वाटले.

जळगाव-धुळ्याच्या माणसाला याचे काय, असे कुणी विचारेल. पण ‘सवाई’ कधीच फक्त पुणेकरांचा नव्हता. गोंदियाहून कोल्हापूरला जाणारी महाराष्ट्र एक्स्प्रेस भुसावळ, जळगाव, चाळीसगाव करत मनमाडवरून पुण्याला पोचते. धुळेकरांना ती चाळीसगावला पकडता येते. तीच गाडी पुढे साताऱ्यावरून मिरजेला जाते. या महोत्सवाची मुळे शोधायची तर पुण्याला न उतरता मिरजेपर्यंत जावे लागते.

महोत्सव ज्यांच्या नावाने भरतो ते सवाई गंधर्व म्हणजे रामभाऊ कुंदगोळकर. जन्म १८८६चा, गाव धारवाड जिल्ह्यातले कुंदगोळ. नाटकात स्त्रीभूमिका करत आणि गात. बालगंधर्वांचा तो काळ. अमरावतीच्या मुक्कामात रामभाऊंचे गाणे ऐकून दादासाहेब खापर्डे खूश झाले आणि हे तर सवाई गंधर्व, म्हणजे गंधर्वाहून सव्वापट, असे म्हणाले, असे सांगतात. ते नाव कायमचे चिकटले. १२ सप्टेंबर १९५२ला पुण्यात त्यांचे निधन झाले. पुढच्याच वर्षी, १९५३ साली, त्यांचे शिष्य भीमसेन जोशी यांनी गुरूंच्या स्मृतीसाठी हा संगीत महोत्सव सुरू केला. सवाई गंधर्वांचे जावई डॉ. नानासाहेब देशपांडे त्यांच्या सोबत होते. आर्य संगीत प्रसारक मंडळ ही संस्था महोत्सव भरवते. रमणबागेच्या आधी तो काही वर्षे रेणुका स्वरूप शाळेच्या मैदानावरही भरला. म्हणजे रमणबाग हेही त्याचे पहिले घर नव्हते.

सवाई गंधर्वांचे गुरू होते उस्ताद अब्दुल करीम खाँ. खाँसाहेबांचा जन्म १८७२चा, उत्तर प्रदेशातल्या कैरानाचा. त्या गावावरूनच ‘किराणा घराणे’ हे नाव पडले. ते बडोद्याला दरबारात गायले, मग दक्षिण महाराष्ट्र आणि कर्नाटकात फिरले, आणि मिरजेत स्थिरावले. १९१३च्या सुमारास त्यांनी पुण्यात संगीताची शाळा चालवली. तिचे नाव ‘आर्य संगीत विद्यालय’. कैरानाचा एक मुसलमान उस्ताद पुण्यात शाळा काढतो, तिला असे नाव देतो आणि ब्राह्मण घरातल्या मुलाला शागीर्द करून घेतो. हे शंभर वर्षांपूर्वी घडले, आणि त्याचा कुणी गवगवा केला नाही. वर्गात मुलांना सलोख्याचा धडा शिकवताना याहून सोपे उदाहरण मला सापडलेले नाही.

खाँसाहेबांचा शेवट प्रवासात झाला. २७ ऑक्टोबर १९३७ला ते मद्रासहून पाँडिचेरीला निघाले होते. वाटेत छातीत दुखू लागले म्हणून सिंगपेरुमलकोइल या लहानशा स्टेशनावर उतरले. फलाटावरच बिछाना घातला, नमाज पढली, दरबारी रागात अल्लाचे नाव आळवले आणि प्राण सोडला, अशी हकीकत त्यांच्या चरित्रांत येते. देह मिरजेला आणला आणि ख्वाजा शमना मिरा यांच्या दर्ग्याच्या आवारात दफन केला. त्याच दर्ग्यात खाँसाहेब उरुसाला गाण्याची हजेरी लावत. आजही उरुसात त्यांच्या स्मृतीची संगीत सभा होते आणि देशभरातले गवई-वादक तिथे येतात. या उरुसाचा पहिला गलेफ चर्मकार समाजाचा असतो, ही जुनी रीत आहे.

म्हणजे ज्या घराण्याच्या आठवणीसाठी ‘सवाई’ भरतो, त्या घराण्याने आपले गाव कधीच सोडले होते. कैरानाचे नाव राहिले, गाणे मात्र मिरज, धारवाड, हुबळी आणि पुण्यात वाढले. गंगूबाई हनगल, भीमसेन जोशी, बसवराज राजगुरू हे कन्नड मुलखातले, फिरोज दस्तूर मुंबईचे पारशी. कैरानाचे त्यांत कुणीच नाही. घराण्याला गाव लागते ते नावापुरते. टिकायला त्याला दार उघडणारे यजमान लागतात.

मग रमणबाग सुटल्याचे दुःख खोटे होते का? नाही. पण माझ्या मते या महोत्सवाने त्याहून मोठे घर आधीच गमावले होते. ते घर म्हणजे रात्र.

पूर्वी ‘सवाई’ रात्रभर चालायचा. संध्याकाळी बसलेली माणसे पहाटे उठायची. २००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने ते पक्के झाले. रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. राज्य सरकार वर्षातून मोजक्या दिवशी बारापर्यंत सूट देऊ शकते, तेवढीच सवलत. नियम चुकीचा आहे असे मी म्हणणार नाही. आजारी माणसाला, परीक्षेच्या मुलाला झोप हवीच. हाच नियम उरुसातल्या कव्वालीला लागला आणि गावच्या तमाशालाही.

पण आपल्या संगीतात रागाला वेळ असते. दरबारी, अडाणा, मालकंस हे उतरत्या रात्रीचे. ललित पहाटेचा, भैरव सकाळचा. मैफल दहाला संपली की हे राग बेघर होतात. उलट दुपारी सत्र सुरू झाल्याने भीमपलास आणि मुलतानीला जागा मिळाली, हेही खरे. पण खाँसाहेबांनी शेवटच्या क्षणी जो दरबारी आळवला, त्याची वेळच आता मांडवात येत नाही.

रात्र गेल्याने श्रोताही बदलला. बाहेरगावच्या माणसाला रात्रभराची मैफल परवडत होती. संध्याकाळी पुण्यात पोचायचे, रात्र भारतीय बैठकीवर काढायची, सकाळी परतीची गाडी धरायची. लॉजचा खर्च नाही. आता दहाला बाहेर पडल्यावर जळगावच्या शिक्षकाने किंवा धुळ्याच्या कारकुनाने जायचे कुठे? पाच दिवसांच्या महोत्सवाला पाच रात्रींची खोली लागते. कुणाला येता येते हे तिकिटाइतकेच वेळ आणि जागाही ठरवतात. रमणबागेबद्दल हळहळणाऱ्यांतही पेठेतले लोक अधिक असणार, कारण ते चालत येत होते. घर सुटल्याची झळ अशी प्रत्येकाला वेगळी बसते.

शिक्षक म्हणून मला दुसरी बाजूही दिसते. रमणबाग म्हणजे न्यू इंग्लिश स्कूल, १८८० साली चिपळूणकर आणि टिळक यांच्या पुढाकाराने निघालेली शाळा. शाळेच्या मैदानावर मांडव उभा राहायचा तर आधी आणि नंतरही काही दिवस जातात. तेवढे दिवस मुलांचा खेळ थांबतो, आणि मैदानावर पहिला हक्क मुलांचाच असतो. इतकी वर्षे एका शाळेने आपले मैदान गाण्याला दिले, ही तिची मोठी देणगी आहे. ती संपल्यावर कुरकुर करण्यापेक्षा आभार मानणे बरे. मुकुंदनगरच्या संस्थेने पुढे दार उघडले. करोनामुळे २०२० आणि २०२१ला महोत्सव झाला नाही, २०२२च्या डिसेंबरात तो पुन्हा भरला, तोही तिथेच. नवे यजमान मिळाले म्हणून मालिका तुटली नाही.

आता आपल्याकडे पाहू. बालगंधर्व, म्हणजे नारायण राजहंस, लहानपणी जळगावला नातेवाइकांकडे राहत होते आणि इथेच त्यांना महबूब खान यांच्याकडून गाण्याचे सुरुवातीचे धडे मिळाले, असे त्यांचे चरित्रकार लिहितात. शहरात त्यांच्या नावाचे खुले नाट्यगृह आहे. वसंतराव चांदोरकर स्मृती प्रतिष्ठान दर जानेवारीत बालगंधर्व संगीत महोत्सव भरवते. बालगंधर्वांचे नाव असे ठिकठिकाणी आहे. ज्या महबूब खानांनी त्या मुलाला स्वर दिला, त्यांच्या नावाची पाटी मात्र माझ्या पाहण्यात नाही. मिरजेने आपल्या उस्तादाला दर्ग्यात जागा दिली, कुंदगोळकरांनी नाडगीर वाड्यात सवाई गंधर्वांच्या नावाची मैफल जपली, पुण्याने मांडव घातला. जळगावने निदान एक सकाळ महबूब खानांच्या नावाने ठेवावी. फार मोठे मैदान लागणार नाही. एखाद्या शाळेचा हॉल, तानपुऱ्याची एक जोडी आणि पन्नास श्रोते पुरतील. सभागृह बंद असेल तर दहाची अटही तशी आड येत नाही. मनात आले तर एखादा दरबारी त्याच्या खऱ्या वेळी, मध्यरात्री, जळगावातही ऐकता येईल.