लोकसंख्या नोंदणी कायदा, दक्षिण आफ्रिका

दक्षिण आफ्रिकेत वर्णविद्वेषी राजवटीने प्रत्येक रहिवाशाचा वंश सरकारदप्तरी कायम करण्यासाठी १९५० साली केलेला कायदा. गोरे, मिश्रवर्णीय व कृष्णवर्णीय असे मूळ तीन वर्ग. भारतीयांची वेगळी नोंद पुढे झाली. राहण्याची वस्ती, शाळा, नोकरी, विवाह, मतदान सारे या नोंदीवर ठरे.

वंशाची कसोटी मात्र कमालीची भोंगळ होती : माणूस दिसतो कसा आणि लोक त्याला काय समजतात. संशय आल्यास अधिकारी केसांत पेन्सिल खोचत. ती अडकून राहिली तर माणूस गोरा नव्हे. त्यामुळे सख्खी भावंडेही वेगवेगळ्या वर्गांत पडत.

१९५२ च्या कायद्याने सोळा वर्षांवरील कृष्णवर्णीयांना पासपुस्तक सक्तीचे केले. त्यात छायाचित्र, बोटांचे ठसे, कामाची नोंद व मालकाची सही असे. परवान्याविना शहरात ७२ तासांहून अधिक राहणे गुन्हा होता. पुस्तक घरी विसरले तरी अटक होई.

नोंदणीपत्र बाळगण्याच्या या सक्तीची मुळे जुनी आहेत. ट्रान्सवालमधील भारतीयांच्या सक्तीच्या नोंदणीविरुद्ध गांधीजींच्या नेतृत्वाखाली १९०८ मध्ये जोहान्सबर्गला नोंदणीपत्रांची होळी झाली होती. पुढे पासच्या सक्तीविरुद्ध १९५६ मध्ये सुमारे २०,००० स्त्रियांनी प्रिटोरियावर मोर्चा नेला. २१ मार्च १९६० रोजी शार्पव्हिल येथे पासविरोधी निदर्शकांवर पोलिसांनी केलेल्या गोळीबारात ६९ जण ठार झाले.

पासकायदे १९८६ मध्ये, तर नोंदणी कायदा १९९१ मध्ये रद्द झाला. नवजात बालकांचे वर्गीकरण थांबले, पण आधीच्या नोंदी नव्या संविधानापर्यंत तशाच राहिल्या.