घाटाजवळची छावणी : १८०३च्या युद्धाचा पुरावा

धारणीत राहून १८०३च्या इंग्रज-मराठा युद्धाचे कागद वाचताना नकाशा फारसा उघडावा लागत नाही. पश्चिमेला बऱ्हाणपूर, आग्नेयेला गाविलगड, सातपुडा उतरला की अडगाव आणि अंजनगाव सुर्जी. गाविलगडाच्या वेढ्यावर आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे. स्टीव्हन्सनच्या फौजेने डोंगरात वाट करत जड तोफा किल्ल्याच्या उत्तर अंगाला ओढून नेल्या, १५ डिसेंबरला किल्ला पडला, किल्लेदार बेनीसिंग मारला गेला. माझे कुतूहल त्याआधीच्या चार महिन्यांपलीकडचे आहे. हे युद्ध कोणत्या पुराव्यावर सुरू झाले?

हा प्रश्न आजचा चष्मा लावून विचारलेला नाही. तेव्हा तसा कायदाच होता. १७८४च्या पिटच्या कायद्याने हिंदुस्थानात राज्यविस्तारासाठी युद्ध करणे इंग्रज राष्ट्राच्या इच्छेविरुद्ध आणि लौकिकाला बाधक ठरवले होते. विलायतेच्या हुकमाशिवाय गव्हर्नर-जनरलने युद्ध पुकारू नये. अपवाद एवढाच की कंपनीवर किंवा तिने तहाने संरक्षण दिलेल्या राजावर हल्ला सुरू झाला असेल, अथवा त्याची तयारी प्रत्यक्ष झालेली असेल. विलायतेहून उत्तर यायला कित्येक महिने लागत, तेव्हा अपवाद हवाच होता. पण ‘प्रत्यक्ष तयारी’ कशाला म्हणायचे, हे ठरवणारा फौजेचाच धनी. गव्हर्नर-जनरल वेलस्लीने २६ जून १८०३ रोजी युद्ध आणि तहाचे पूर्ण अधिकार दक्षिणेतल्या सेनापतीला दिले. तो त्याचा धाकटा भाऊ, आर्थर.

आता पुरावा पाहू. वसईचा तह बाजीरावाने शिंदे-भोसल्यांना न विचारता केला होता. दौलतराव शिंदे आणि नागपूरकर दुसरे रघुजी भोसले एकत्र आले आणि निजामाच्या सरहद्दीलगत, अजिंठ्याच्या घाटाजवळ त्यांची छावणी पडली. २८ मे रोजी रेसिडेंट कर्नल कॉलिन्सने खोदून विचारले, तेव्हा भोसल्यांची भेट झाल्यावर युद्ध की सलोखा ते सांगू, असे शिंद्यांनी उत्तर दिले. होळकरांना ओढण्याचा खटाटोप चालू होता. हैदराबादेत निजाम अली मरणपंथाला लागला होता. इंग्रजांचा संशय निराधार नव्हता, हे आपल्या लेखकांनी मोकळेपणाने मान्य करायला हरकत नाही. एवढे लष्कर घाटाशी कोणी हवा खायला आणत नाही.

पण सरहद्द ओलांडली गेली नव्हती. छावणी आमच्याच मुलखात आहे, असे दोघांचे म्हणणे होते. शेवटी त्यांनी कळवले, तुम्ही फौजा मद्रास, श्रीरंगपट्टण, मुंबईच्या ठाण्यांवर न्या, त्याच दिवशी आम्ही बऱ्हाणपुरास पोहोचतो. सौदा समान नव्हता. बऱ्हाणपूर हाकेवर आणि मद्रास कुठल्या कुठे! तरी त्यावर घासाघीस करता आली असती. तारीख ठरवून ते हलले नसते, तर कायद्याला हवा तो पुरावा आपोआप हाती आला असता. आर्थरने प्रस्ताव धुडकावला. नद्या भरलेल्या असताना मराठी घोडदळाशी लढणे सोयीचे, हे त्याचे स्वतःचे लेखी मत होते. पुराव्याची वाट पाहायची तर पावसाळा हातचा जाणार होता. मला या साऱ्या पत्रव्यवहारात हीच गोष्ट सर्वांत बोलकी वाटते.

३ ऑगस्टला कॉलिन्सने छावणी सोडली. ६ला युद्ध जाहीर झाले, त्याच दिवशी निजाम अली वारला. ८ला अहमदनगरच्या पेठेवर हल्ला झाला.

बरोबर दोनशे वर्षांनी, इराकच्या वेळी, संशय आणि पुरावा यांची अशीच सरमिसळ झाली. ५ फेब्रुवारी २००३ रोजी कॉलिन पॉवेल यांनी सुरक्षा परिषदेत चित्रे आणि ध्वनिफिती दाखवल्या. तपासणीस अजून इराकात काम करत होते, त्यांना वेळ हवा होता. मार्चमध्ये हल्ला झाला, सांगितलेले साठे सापडले नाहीत. ब्रिटनचा चिलकॉट अहवाल २०१६ साली आला.

आरोप करणाऱ्याखेरीज दुसऱ्या कोणीतरी, आणि तेही तोफ डागण्यापूर्वी, कागद तपासावेत एवढीच माझी अपेक्षा आहे. १८०३चे कागद तपासले गेले नाहीत असे नाही. १८०५च्या एप्रिलमध्ये फिलिप फ्रान्सिसने पार्लमेंटात या युद्धाविरुद्ध ठराव आणला. तो फेटाळला गेला. तोवर देवगावच्या तहाला सव्वा वर्ष उलटले होते. कटक आणि बालासोर कंपनीकडे गेले होते, आणि गाविलगड-नरनाळ्याचा टापू सोडून वर्धेच्या पश्चिमेचा भोसल्यांचा वऱ्हाड निजामाचा झाला होता.